घरांतील खर्ज : सबवूफरची निवड आणि मांडणी

भजनाला रंग चढूं लागला म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाचा घुमारा आणि टाळांचा लखलखीत नाद ह्या दोहोंच्या मध्यें गाणाऱ्याचा आवाज उभा राहतो. मृदंगाच्या ह्या डाव्या तोंडास वादनापूर्वीं ओली कणीक लावतात. तिच्या भारानें पुडी सावकाश हलते आणि स्वर खालीं उतरतो. हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्या परिसरांतील देवळांतून हा घुमारा ऐकत वाढलेल्या माणसाला त्याची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. परंतु तेंच भजन ध्वनिमुद्रित होऊन घरांतल्या लहान स्पीकरमधून अगर हातांतल्या फोनमधून ऐकूं आलें, तर टाळ जसेच्या तसे वाजतात, शब्दही स्पष्ट कळतात, मृदंगाचें डावें अंग मात्र गळून पडतें. हा जो गळालेला खालचा नाद, त्याला व्यवहारांत खर्ज म्हणतात. आणि तो घरांत परत आणण्यासाठीं जें स्वतंत्र यंत्र असतें तें सबवूफर होय.

असें असूनही घरीं आणलेला सबवूफर पुष्कळदां निराशा करतो. एखादाच स्वर घरभर घुमतो आणि त्याच्या शेजारचा स्वर ऐकूंही येत नाहीं. गाणें जड होतें, शब्द गढूळ होतात, फडताळांतलीं भांडीं वाजूं लागतात आणि भिंतीपलीकडचा शेजारी दार ठोठावतो. मग दोष यंत्राला दिला जातो. तें लहान पडलें अशी समजूत होऊन त्याहून मोठें यंत्र आणलें जातें, आणि मूळचा दोष अधिक मोठ्या आवाजांत ऐकूं येतो. ह्या सर्व घोटाळ्याच्या मुळाशीं एक गोष्ट लक्षांत न घेणें हें आहे. उंच स्वर हा बहुतांशीं यंत्राचा प्रश्न असतो. खर्ज हा जितका यंत्राचा, तितकाच किंबहुना त्याहून अधिक, जागेचा प्रश्न असतो.

हें समजण्यासाठीं प्रथम आंदोलनांचा हिशेब पाहिला पाहिजे. दर सेकंदास हवेचे जितके कंप होतात तितकीं त्या स्वराचीं आंदोलनें. आधुनिक परिभाषेंत त्यांस हर्ट्झ म्हणतात. मनुष्याच्या कानाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंतचीं आंदोलनें ऐकूं येतात. पुरुषगायकाचा तंबोरा काळी एक पट्टींत लावला असतां त्याची खर्जाची तार सुमारे ६९ आंदोलनांवर बोलते. पाश्चात्य बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ वर आणि पियानोची अगदीं डावीकडची पट्टी २७.५ वर असते. त्याही खालचा २० ते ३० चा प्रदेश गाण्यांत क्वचितच लागतो. तो चित्रपटांतील स्फोट, मेघगर्जना आणि भूकंप यांचा प्रदेश होय. १९७४ सालीं ‘अर्थक्वेक’ हा अमेरिकन चित्रपट दाखवितांना नाट्यगृहांत मुद्दाम मोठमोठे खर्जाचे स्पीकर बसविण्यांत आले होते, आणि प्रेक्षकांना तो नाद कानांपेक्षां अंगानें अधिक जाणवला.

लहान स्पीकरला हा प्रदेश कां साधत नाहीं, ह्याचें कारण साधें आहे. स्पीकर म्हणजे हवा पुढेंमागें ढकलणारा एक पडदा. चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें हलवून पडदा हलविण्याची जी पद्धति आजही सर्वत्र चालू आहे, तिचें नमुनेदार रूप राइस आणि केलॉग ह्या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं मांडलें. ह्या पद्धतींत स्वर एक सप्तक खालीं उतरला, कीं तितकाच दाब निर्माण करण्यासाठीं पडद्याला चौपट अंतर हलावें लागतें. ८० आंदोलनांवर पडदा एक मिलिमीटर हलत असेल, तर ४० वर त्याला चार आणि २० वर सोळा मिलिमीटर हलावें लागेल. तळहाताएवढ्या पडद्याला हें शक्य नाहीं. म्हणून खर्जासाठीं रुंद, लांब पल्ल्याचा आणि मजबूत पडदा लागतो, व त्यासाठीं वेगळा खोका व वेगळी वीजशक्ति लागते.

येथें कोणी शंका काढील, कीं लहान रेडिओवरही तबल्याचा ठेका कळतो; मग उणें काय पडतें? ह्याचें उत्तर कानांत नसून मेंदूंत आहे. प्रत्येक स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर वाजत असतात. मूळ स्वर गळाला तरी उपस्वरांच्या परस्पर अंतरावरून मेंदु मूळ स्वराचा अंदाज बांधतो. तबला आणि मृदंग यांच्या पुडीवरील शाईमुळें त्यांचे उपस्वर पूर्णांकांच्या प्रमाणांत येतात, ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनीं १९२० सालीं दाखवून दिली. त्यामुळें उजव्या तोंडाचा स्वर लहान स्पीकरवरही ओळखूं येतो. डाव्या तोंडाचें बळ मात्र बहुतांशीं त्याच्या अगदीं खालच्या कंपांत असतें. तेवढें गेलें, कीं ठेका कळतो पण त्याचें वजन कळत नाहीं.

दुसरी अडचण कानाच्या स्वभावाची आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालीं केलेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें, कीं हळू आवाजांत कान खर्जाकडे फारच दुर्लक्ष करतो. मधल्या स्वराइतका खर्ज जाणवावयाचा असेल, तर त्याचा दाब कितीतरी अधिक असावा लागतो. पण एकदां तो ऐकूं येऊं लागला, म्हणजे थोड्याशा वाढीनेंही तो भराभर मोठा वाटूं लागतो. खर्जाचें ‘कमी’ आणि ‘फार’ यांच्यामधील अंतर हें असें अरुंद आहे. बटण किंचित् पुढें सरकलें, कीं पखवाजाचा ढोल होतो.

आतां खोलीकडे वळलें पाहिजे, कारण खरा घोळ तेथेंच आहे. साध्या तपमानांत ध्वनि दर सेकंदास सुमारे ३४५ मीटर धांवतो. १००० आंदोलनांच्या स्वराची एक लाट त्यामुळें सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे फुटाहून थोडी अधिक, लांब असते. परंतु ४० आंदोलनांच्या स्वराची लाट साडेआठ मीटरांहून लांब, म्हणजे सुमारे २८ फूट भरते. सामान्य घरांतील बैठकीची खोली तेवढी लांब नसतेच. ती लाट भिंतीवर आपटून परत येते आणि येणारी व जाणारी लाट एकमेकींवर पडतात. खोलीची लांबी जेव्हां बरोबर अर्ध्या लाटेइतकी असते, तेव्हां ह्या दोन लाटा जागच्या जागीं उभ्या राहिल्यासारख्या होतात. भिंतींपाशीं त्या स्वराचा दाब अतिशय वाढतो आणि खोलीच्या मध्यभागीं तो जवळजवळ नाहींसा होतो. ह्यालाच खोलीचा अनुनाद म्हणतात.

उदाहरणार्थ, पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी खोली घेतली, तर लांबीचा पहिला अनुनाद सुमारे ३८ आंदोलनांवर आणि रुंदीचा सुमारे ५७ आंदोलनांवर येतो. उंचीही दहाच फूट असल्यामुळें तिचा अनुनादही त्याच ५७ वर येऊन पडतो, आणि तेवढा एकच स्वर दुहेरी बळानें घुमतो. अशा खोलीच्या मध्यभागीं खुर्ची टाकून बसलेल्या गृहस्थाला ३८ आंदोलनांचा स्वर ऐकूंच येत नाहीं, व तो यंत्राला दोष देतो. त्याच वेळीं भिंतीला टेकून बसलेल्या घरांतल्या वृद्धांना तोच स्वर छातीवर दाबल्यासारखा होतो. दोघांचेंही म्हणणें खरें असतें. यंत्र एकच, पण जागा निराळ्या. लांबी, रुंदी व उंची जवळजवळ सारख्या असलेली खोली ह्या दृष्टीनें सर्वांत वाईट, कारण तिचे सर्व अनुनाद एकाच ठिकाणीं गोळा होतात.

घराची बांधणी कशी आहे ह्यावरही पुष्कळ अवलंबून असतें. मराठवाड्यांतील जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर असे. तें छत किंचित् लवे व खर्जाचा कांहीं भाग गिळून टाकी. हल्लींच्या सिमेंटच्या घरांत भिंती, स्लॅब आणि शहाबादी फरशी हीं तिन्ही कठीण असल्यामुळें खर्ज आंतल्या आंत कोंडून राहतो व लांबतो. ह्याच्या उलट पत्र्याच्या घरांत खर्ज थांबतच नाहीं. तो पत्र्यांतून बाहेर निघून जातो, आणि जातांना पत्र्यांचे स्क्रू, आकडे व सांधे वाजवीत जातो. अशा घरांत मोठा सबवूफर आणणें म्हणजे छताचा खुळखुळा विकत घेणें होय. तेथें लहान यंत्र, थोडा आवाज आणि आधी पत्र्यांची नीट आवळणी हाच शहाणपणा.

निवडीचा विचार ह्या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. पहिला प्रश्न यंत्र किती मोठें हा नसून घरांत काय ऐकावयाचें आहे हा असावा. ज्या घरांत भजन, शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि बातम्या ऐकल्या जातात, तेथें ४० आंदोलनांपर्यंत स्वच्छ उतरणारें यंत्र पुष्कळ झालें, कारण तंबोऱ्याची खर्जाची तार व पखवाजाचें डावें अंग त्याच्या बरेंच वर राहतात. अशा घरीं आठ किंवा दहा इंच पडद्याचा चांगला सबवूफर पुरतो. चित्रपटांचा गडगडाट ज्यांना तळापर्यंत हवा असेल, त्यांनाच बारा इंच किंवा त्याहून मोठ्या पडद्याचा, आणि २० ते २५ पर्यंत उतरणाऱ्या यंत्राचा खर्च करण्यांत अर्थ आहे. न ऐकल्या जाणाऱ्या सप्तकासाठीं दिलेले पैसे वायां जातात.

दुसरा प्रश्न खोक्याचा. खोके मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक चारी बाजूंनीं बंद असलेला, आणि दुसरा ज्याला मुद्दाम ठेवलेली नळी अगर फट असते तो. नळीच्या खोक्याचें तत्त्व घागरीच्या तोंडावर फुंकर घातली असतां जो घुमारा निघतो त्यासारखेंच आहे. आंतली हवा एका ठराविक स्वरावर डोलते आणि पडद्याला साहाय्य करते. बेल प्रयोगशाळेंतील अल्बर्ट थुरास यांना ह्या रचनेचें पेटंट १९३२ सालीं मिळालें. तितक्याच विजेंत हा खोका मोठा आवाज देतो. परंतु नळीच्या स्वराखालीं गेलें, कीं त्याचा आवाज एकदम कोसळतो. बंद खोक्यांत कोंडलेली हवाच स्प्रिंगप्रमाणें पडद्याला आवरून धरते. एडगर विल्चर यांनीं १९५४ सालीं ह्याच तत्त्वावर लहान आकाराचा घरगुती स्पीकर बाजारांत आणला. ह्या खोक्याचा आवाज खालीं जातांना हळूहळू उतरतो. लहान पक्क्या खोलींत, दारें बंद असतां, खोलीच्या पहिल्या अनुनादाखालचा खर्ज खोलीच उचलून धरते. म्हणून बंद खोक्याची उणीव अशा खोलींत बरीचशी आपोआप भरून निघते. लहान पक्की खोली व मुख्यतः गाणें ऐकावयाचें असेल, तर बंद खोका; मोठी बैठक व चित्रपट असतील, तर नळीचा खोका; असा स्थूल नियम सांगतां येईल.

दुकानांत ऐकून निवड करणें मात्र फसवें असतें. दुकानाची खोली निराळी, तेथील अनुनाद निराळे, आणि मोठ्या आवाजांत कोणताही खर्ज प्रथम मोहकच वाटतो. कागदावर छापलेला वॉटचा आंकडाही एकट्यानें कांहीं सांगत नाहीं. यंत्र किती आंदोलनांपर्यंत व त्या ठिकाणीं किती आवाज देतें, हा आंकडा दिलेला आहे कीं नाहीं तें पाहावें. जो विक्रेता यंत्र घरीं लावून पाहूं देतो व न पटल्यास परत घेतो, त्याच्याकडून थोडें महाग घेतलें तरी तें स्वस्तच पडतें.

यंत्र घरीं आलें म्हणजे तें कोठें ठेवावें हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढें येतो, आणि तो सोडविण्याची एक जुनी, बिनखर्ची युक्ति आहे. ज्या खुर्चीवर बसून ऐकावयाचें, त्या खुर्चीवरच सबवूफर ठेवावा. मग चढतउतरत जाणारे खर्जाचे स्वर असलेलें एखादें गाणें अगर २० पासून १०० पर्यंत सावकाश चढणारा चांचणीचा स्वर लावून भिंतींच्या कडेकडेनें फिरावें. कान जमिनीलगत ठेवून ऐकावें. कांहीं ठिकाणीं एकच स्वर घुमेल, कांहीं ठिकाणीं खर्ज गायब होईल. आणि एखाद्या ठिकाणीं सर्व स्वर सारख्या वजनानें ऐकूं येतील. तेंच ठिकाण सबवूफरचें. ध्वनीच्या मार्गाला दोन्ही दिशा सारख्याच असतात. खुर्चीवरून त्या ठिकाणीं जसें ऐकूं येतें, तसेंच त्या ठिकाणाहून खुर्चीवर ऐकूं येईल. ह्या शोधांत अर्धा तास जातो, पण त्यानें जें साधतें तें दुप्पट किमतीच्या यंत्रानें साधत नाहीं.

खोलीच्या कोपऱ्यांत ठेवलेला सबवूफर सर्वांत मोठा वाजतो, कारण तेथून खोलीचे सर्वच अनुनाद जागे होतात. त्याच कारणामुळें तो बहुधा सर्वांत असमही वाजतो. खुर्चीही खोलीच्या अगदीं मध्यावर किंवा भिंतीला चिकटून नसावी; लांबीच्या सुमारें एक तृतीयांशावर बसणें बरें. एका मोठ्या सबवूफरऐवजीं दोन लहान घेणें पुष्कळदां अधिक फलदायी ठरतें. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला, म्हणजे त्या दिशेचा पहिला अनुनाद दोन्ही बाजूंनीं विरुद्ध ढकलला जाऊन बराच शमतो, व खोलींतील अनेक बैठकींवर खर्ज जवळजवळ सारखा पोंचतो. हार्मन कंपनींतील संशोधक टॉड वेल्टी यांनीं २००२ सालीं निरनिराळ्या मांडण्यांची तुलना करून ही गोष्ट पुढें आणली. जेथें सारें कुटुंब एकत्र बसून ऐकतें, तेथें ह्याचा उपयोग विशेष आहे.

जागा ठरल्यावर तीन बटणांचा प्रश्न उरतो. पहिलें बटण क्रॉसओव्हरचें. कोणत्या स्वराखालचा भाग सबवूफरनें वाजवावा हें तें ठरवितें. साधारणतः हें ८० आंदोलनांच्या आसपास ठेवतात. त्याखालचा स्वर कोठून येतो हें कानाला सहसा ओळखतां येत नाहीं, त्यामुळें खोका कोपऱ्यांत असला तरी गाणें समोरूनच येत आहे असें वाटतें. समोरचे स्पीकर फारच लहान असतील तर ही मर्यादा १०० अगर १२० पर्यंत वर न्यावी लागते, व मग सबवूफर त्यांच्या जवळच ठेवणें भाग पडतें. हें बटण बरोबर लागलें कीं नाहीं ह्याची उत्तम कसोटी म्हणजे बातम्या सांगणारा पुरुषाचा आवाज. त्याचा मूळ स्वर बहुधा शंभराच्या वर असतो. निवेदक जर खोक्यांतून बोलूं लागला, किंवा त्याला पडसें झाल्यासारखें वाटलें, तर मर्यादा फार वर गेली अगर आवाज फार वाढला असें समजावें.

दुसरें बटण फेजचें. सबवूफरचा पडदा पुढें येत असतां समोरच्या स्पीकरचा पडदा मागें जात असेल, तर दोघे मिळून खर्ज वाढण्याऐवजीं घटतो. पखवाजाचें ध्वनिमुद्रण लावून हें बटण दोन्ही बाजूंस फिरवून पाहावें. ज्या बाजूला थाप अधिक भरीव वाटेल ती बाजू बरोबर. तिसरें बटण आवाजाचें. तें प्रथम पूर्ण बंद करून मग हळूहळू चढवावें. खर्ज आहे असें लक्षांत येऊं लागलें, कीं तेथून किंचित् मागें यावें. सबवूफर चालू असतां तो आहे हें कळूं नये, आणि बंद करतांच गाण्याचा पाया गेल्यासारखें वाटावें. हीच योग्य मांडणीची खूण होय.

विजेचा गुणगुणाटही ह्याच प्रदेशांत येतो. भारतांतील विजेचीं दर सेकंदास ५० आवर्तनें होतात. तिचा ५० व १०० आंदोलनांचा घूं-घूं असा नाद लहान स्पीकरमध्यें लपून राहतो, सबवूफरमध्यें मात्र उघडा पडतो. सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवावे, जोडतार वीजतारेला समांतर नेऊं नये, आणि घराचें अर्थिंग तपासून घ्यावें. घूं-घूं थांबावी म्हणून प्लगाची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक भेटतात. तसें कदापि करूं नये. तें जिवावर बेतूं शकतें. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर घूं-घूं वाढत असेल, तर दोष बहुधा त्या इन्व्हर्टरच्या अशुद्ध लहरीचा असतो, सबवूफरचा नव्हे.

आतांपर्यंतचा विचार घराच्या आंतला झाला. परंतु खर्ज घरांत राहत नाहीं. उंच स्वराला विटांची भिंत बऱ्यापैकीं अडविते, खालच्या स्वराला तीच भिंत फारच कमी अडविते. म्हणून शेजारच्या लग्नघरांतील गाण्याचे शब्द ऐकूं येत नाहींत, धप्-धप् मात्र अंथरुणापर्यंत पोंचते. खोक्याखालीं रबराचे पाय किंवा जाड गादी ठेवल्यानें फरशीतून जाणारा कंप कमी होतो. हवेंतून जाणारा होत नाहीं. त्यावर उपाय दोनच, आवाज कमी करणें आणि सामाईक भिंतीपासून यंत्र दूर नेणें. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. परंतु हें माप कानाच्या स्वभावाला अनुसरून खर्जाला फारच कमी मोजतें. ५० आंदोलनांच्या नादांतून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. यास्तव आंकडा मर्यादेंत असला तरी शेजारच्या घरांतील आजारी माणसाची अगर परीक्षेच्या विद्यार्थ्याची झोंप उडूं शकते. कायद्याचा आंकडा हा शेजारधर्माची परिसीमा नव्हे.

हिंगोली जिल्ह्यांत ह्या शेजारधर्माला आणखी एक कारण आहे. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गांवांतून गेल्या कांहीं वर्षांत जमिनीखालून गूढ गडगडाट वारंवार ऐकूं आला आहे. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं ह्या जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला व त्यानंतर थोड्याच मिनिटांत दुसरा, लहान धक्का जाणवला. १० जुलै २०२४ रोजीं पुन्हां ४.५ तीव्रतेचा धक्का हिंगोली, परभणी व नांदेड ह्या जिल्ह्यांतून जाणवला. ज्या मुलखांत फडताळांतलीं भांडीं वाजणें ही घराबाहेर पडण्याची सूचना असूं शकते, तेथें शेजाऱ्याचीं भांडीं करमणुकीसाठीं वाजविणें हा अपराध क्षुल्लक नव्हे. खरा इशारा आणि खोटा इशारा ह्यांतला भेद पुसला जाणें कोणाच्याच हिताचें नाहीं.

खालचा कंप किती दूर जातो आणि त्याला अडविणें किती कठीण असतें, ह्याची सर्वांत मोठी साक्षही ह्याच जिल्ह्यांत उभी राहावयाची आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळानें फेब्रुवारी २०१६ मध्यें तत्त्वतः, आणि एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मान्यता दिली. तिचे एकमेकांशीं काटकोन करणारे दोन बाहू प्रत्येकीं चार किलोमीटर लांब असावयाचे आहेत, आणि त्यांच्या लांबींत प्रोटॉनच्या व्यासाच्याही सहस्रांशाहून कमी फरक पडला तरी तो मोजावयाचा आहे. अशा यंत्राचे शत्रु म्हणजे रेल्वे, अवजड वाहनें, कारखाने आणि दूरच्या समुद्राच्या लाटा यांनीं जमिनींत उठविलेले मंद कंप. आरसे टांगावे लागतात, त्यांखालीं कंप गिळणारीं आसनें बसवावीं लागतात. आणि ह्या सर्वांच्या आधीं एक गोष्ट करावी लागते, ती म्हणजे शांत जागा शोधणें. अनेक ठिकाणें पाहून मग औंढ्याजवळची जागा निश्चित झाली, ती तेथील जमिनीची शांतता ध्यानांत घेऊन.

अमेरिकेंतील अशाच दोन वेधशाळांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं प्रथमच पकडलेली गुरुत्वीय लहर ध्वनि नव्हती. परंतु तिचीं आंदोलनें एक पंचमांश सेकंदांत सुमारे ३५ पासून २५० पर्यंत चढत गेलीं, आणि तीं स्पीकरवर ऐकवितां येतात. फोनवर ती लहर लावली तर शेवटची टिवटिव तेवढी कानीं पडते. दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा आरंभींचा भाग ऐकूंच येत नाहीं. तो ऐकण्यास नीट मांडलेला सबवूफरच लागतो. नामदेवांच्या गांवच्या मृदंगाचें डावें अंग आणि ही आकाशांतली थाप हीं दोन्ही जवळजवळ एकाच सप्तकांत वसतात, हा योगायोग मनोरम आहे.

तात्पर्य असें, कीं शास्त्रज्ञांना जी गोष्ट कोट्यवधि रुपयांच्या यंत्रापूर्वीं करावी लागते, तीच गृहस्थानेंही आपल्या लहानशा यंत्रापूर्वीं करावी. आधीं जागा पाहावी, मग यंत्र. खोलीची लांबी, रुंदी व उंची फुटपट्टीनें मोजावी. भिंती, छत व शेजार ध्यानांत घ्यावे. काय ऐकावयाचें तें ठरवावें. आणि त्या मानानें लागेल तेवढेंच यंत्र आणून त्याला योग्य ठिकाणीं बसवावें. खर्ज हा गाण्याचा पाया आहे. पाया जमिनीखालीं असतो, तो दिसत नाहीं, आणि घर त्याच्यावर उभें असतें. तो दाखविण्याचा अट्टाहास न करतां त्याला आपल्या जागीं स्थिर ठेवलें, कीं वरचें गाणें आपोआप सुरेल होतें, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला शांत झोंप लागते.